गावाचे महाविद्यालय
(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्यासारख्या माहिती खात्यातील माणसाला व्याख्यानाचे निमंत्रण आले की लोकांची एक अपेक्षा असते. हा गृहस्थ योजनांची यादी वाचणार आणि शेवटी एखादी पुस्तिका वाटणार. पुस्तिका मी आणलेल्या नाहीत. आजचा विषय प्राचार्यांनी सुचविला तो असा : 'महाविद्यालयाची वाढ आणि परिसराचे जीवन'. मी याच जिल्ह्यात वाढलो, कला शाखेचा पदवीधर झालो आणि नोकरीच्या निमित्ताने जिल्ह्यातील आठही तालुके पालथे घातले. त्यामुळे जे सांगणार आहे त्यात कागदावरचे थोडे आणि पाहिलेले अधिक आहे.

आज १७ सप्टेंबर. १९४८ साली या दिवशी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, हे आपण दरवर्षी ध्वजवंदन करून आठवतो. परंतु या मुक्तीची तयारी कोठे झाली, हा प्रश्न विचारला तर उत्तरात एका शाळेचे नाव घ्यावे लागते. लोहारा तालुक्यातील हिप्परगा हे गाव आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९२१ साली तेथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. निजामी राजवटीत खाजगी शाळा काढायची तर परवानगी लागे, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई आणि ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाई त्याच्यासाठी शिक्षणाची वाट तेथेच अडे. अशा काळात आडवळणाच्या खेड्यात, पत्र्याच्या आणि कुडाच्या आधाराने, मातृभाषेतून शिकविणारी शाळा उभी राहते, ही घटना लहान नव्हे. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक या शाळेत आले. याच हिप्परग्यात त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये स्वामीजी व त्यांचे सहकारी अंबाजोगाईला गेले आणि तेथे त्यांनी योगेश्वरी विद्यालयाचे काम उभे केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्या पुरुषाने केले तो आधी आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यातला मास्तर होता. म्हणून आजच्या दिवशी महाविद्यालयावर बोलणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

शाळा झाली, तरी महाविद्यालय मात्र फार दूर होते. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. ज्या निजामाचे नाव त्या विद्यापीठाला होते त्याचेच नाव आपल्या जिल्ह्यालाही होते; २०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे जुने नाव परत मिळाले. नावाचे साम्य होते, पण येथील कुणब्याच्या पोराला त्या विद्यापीठाचा काय उपयोग? उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबाद, नाहीतर सोलापूर-पुणे, म्हणजे परक्या संस्थानात गेल्यासारखेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मग खऱ्या अर्थाने तालुक्याच्या गावी महाविद्यालय काढण्याचा विचार लोकांच्या मनात येऊ लागला. विद्यापीठ जवळ आल्याशिवाय महाविद्यालयाला मान्यता कोण देणार, हा साधा व्यवहार त्यामागे होता.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, कारण तिची फारशी आठवण काढली जात नाही. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ केली. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी, ही अट होती. त्या सवलतीला लोक 'ई.बी.सी.' म्हणत. आमच्या गावातील कित्येक वृद्ध शिक्षक आजही स्वतःची ओळख 'आम्ही ई.बी.सी.वाले' अशी करून देतात. महाविद्यालयाची इमारत देणगीतून उभी राहिली असेल, पण तिच्यातली बाके या एका निर्णयाने भरली.

या जिल्ह्यातील महाविद्यालयांची वंशावळ सांगायला बसलो तर वेळ पुरणार नाही. बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली स्थापन केलेली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था कोल्हापूरकडची. तिने धाराशिवला रामकृष्ण परमहंस महाविद्यालय चालविले. उमरग्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय, कळंबचे ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय, परंड्याचे रा. गे. शिंदे महाविद्यालय, भूमचे शंकरराव पाटील महाविद्यालय, तुळजापूरचे तुळजाभवानी महाविद्यालय ही नावे आपल्या परिचयाची आहेत. मला विशेष कौतुक वाटते ते अणदूर आणि गुंजोटीचे. ही तालुक्याची गावे नव्हेत. तरीही अणदूरला जवाहर महाविद्यालय आहे आणि हुतात्मा वेदप्रकाशांच्या गुंजोटीत श्रीकृष्ण महाविद्यालय आहे. बाजाराचा दिवस सोडला तर ज्या गावात एरवी वर्दळ नसे, तेथे सकाळी सायकलींची आणि मुलींच्या घोळक्यांची गर्दी होऊ लागली. चहाच्या टपऱ्या आल्या, पुस्तकांचे दुकान आले, भाड्याच्या खोल्या आल्या. गावाचा चेहरा बदलण्यास महाविद्यालयासारखे दुसरे कारण मी पाहिलेले नाही. साखर कारखान्याने पैसा अधिक येतो, हे मान्य. पण कारखान्याच्या गावात पुस्तकांचे दुकान निघालेले मला तरी आढळले नाही.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. प्रशासनाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु शिक्षणाच्या हिशेबात आपल्या वाट्याला काय राहिले, याचा विचार कमी झाला. १९६१ चे दयानंद महाविद्यालय आणि त्यानंतरचे राजर्षी शाहू महाविद्यालय ही दोन्ही लातूरला. ज्या नावाजलेल्या शिक्षणाकडे महाराष्ट्र पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून पाहू लागला ते एकेकाळी याच जिल्ह्याच्या हद्दीत वाढले होते. हद्द सरकली आणि आपली हुशार मुले रोज सकाळी हद्द ओलांडू लागली. आजही धाराशिव किंवा कळंबहून लातूरकडे जाणाऱ्या पहाटेच्या गाडीत पाठीवर दप्तर घेतलेली मुले दिसतात. याचा मत्सर वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र घरची परिस्थिती बरी असलेला मुलगा लातूरला जातो आणि ज्याला जाणे परवडत नाही तो येथे प्रवेश घेतो, हे सत्य आपण डोळ्यांआड करू नये. आपले महाविद्यालय हे पर्याय नसलेल्यांचे महाविद्यालय आहे. यात कमीपणा नाही. उलट त्यामुळे जबाबदारी वाढते.

आता दुष्काळाकडे येतो, कारण या जिल्ह्यात कोणताही विषय शेवटी पाण्यापाशीच येतो. १९७२ चा दुष्काळ येथील ज्येष्ठांनी भोगला आहे. खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, मिलोच्या भाकरी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीला समजावून सांगावे लागत नाहीत. रोजगार हमीची कल्पना त्याच काळात आकारास आली. पुढे तिचा कायदा झाला. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली होती आणि १९७३ मध्ये तिने दुष्काळाविरुद्ध तरुण ही हाक देशभर दिली. आपल्याकडील विद्यार्थ्यांची स्थिती मात्र चमत्कारिक होती. इतर ठिकाणचे विद्यार्थी दुष्काळी कामावर श्रमदानाला जात. येथील विद्यार्थ्याचे आई-वडील त्याच कामावर मजुरीला होते. सुटीत मुलगा वह्या ठेवून टोपले उचली. त्याच हजेरीपटाच्या पैशातून परीक्षेची फी भरली जाई. त्या पिढीतील एका निवृत्त प्राध्यापकांनी मला एकदा धाराशिवजवळचा रस्ता दाखवून सांगितले, "या रस्त्याखाली माझ्या आईची खडी आहे." ते पुढे काहीच बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

दुष्काळ सरला तरी स्थलांतर राहिले. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून दसरा झाला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाचे पहिले सत्र संपण्याची वेळ आणि कोयता उचलण्याची वेळ एकच. मुलगा गेला तर परीक्षा बुडते. मुलगी मागे राहिली तर तिच्यावर धाकट्या भावंडांचा आणि म्हाताऱ्या आजीचा भार पडतो, किंवा काळजीपोटी तिचे लग्न उरकले जाते. प्रवेशाच्या यादीतील नाव परीक्षेच्या यादीत का दिसत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या वेळापत्रकात असते. आपल्या परिसरातील काही प्राध्यापक अशा मुलांचा परीक्षा अर्ज स्वतः भरून ठेवतात, फोन करून तारीख कळवितात आणि परीक्षेपुरते मुलाला बोलावून घेतात. हे काम कोणत्याही अहवालात येत नाही. मी आजवर पुष्कळ अहवाल वाचले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. त्या वेळी मी शाळेत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमचे गाव केंद्रापासून दूर म्हणून वाचले. सास्तूर, लोहारा, उमरगा भागातील आणि शेजारच्या किल्लारी परिसरातील गावे वाचली नाहीत. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या भिंतींवर मातीचे जाड माळवद, उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे. तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले. ज्या गोष्टीने पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली तिनेच जीव घेतला, ही त्या भूकंपाची शोकांतिका. मदतीला सारा देश धावला, हे खरेच आहे. पण पहिल्या दिवसांत ढिगारे उपसायला, नावे लिहून घ्यायला, बाहेरून आलेल्या डॉक्टरांना मराठी आणि तेथील बोली समजावून सांगायला कोण होते? आसपासच्या महाविद्यालयांतली पोरे. त्यांतील कित्येकांचे नातलग त्याच ढिगाऱ्यात होते. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. नव्या गावातील घर कोणत्या पद्धतीचे असावे, जनावरे कोठे बांधावी, शेजार कोणाचा असावा, यावर जी पुष्कळ चर्चा झाली तिच्यात अभियंत्याची भाषा गावकऱ्याला आणि गावकऱ्याची अडचण अभियंत्याला सांगणारा दुवा म्हणजे गावातला शिकलेला मुलगा होता.

येथे तुळजापूरचा उल्लेख आवश्यक आहे. आई भवानीच्या दर्शनाला येणारे लाखो भाविक आपसिंगा रस्त्याकडे सहसा वळत नाहीत. त्या रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे. मुंबईची ही संस्था १९३६ सालची. तिने १९८६ मध्ये तुळजापूरला ग्रामीण परिसर उभारला. शहरातील संस्थेने ग्रामीण भागाचा अभ्यास करावा यात नवल नाही. तिने दुष्काळी भागात येऊन राहावे, यात आहे. भूकंपग्रस्त गावांच्या पाहणीत आणि पुनर्वसनाच्या कामात संस्थेचा सहभाग होता. पुढे तेथे ग्रामविकासाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि ईशान्य भारतापासून केरळपर्यंतची मुले आपल्या खेड्यांत क्षेत्रकार्यासाठी हिंडू लागली. मला एक प्रश्न पडतो, तो मी मोकळेपणाने मांडतो. दूरचा विद्यार्थी आपल्या गावाची विहीर मोजतो, कुटुंबांची नोंद करतो, त्यावर प्रबंध लिहितो. आणि त्याच गावचा आपला विद्यार्थी बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातून ग्रामीण समाजशास्त्राची उत्तरे पाठ करतो. हे असे का व्हावे?

मुलींविषयी बोलल्याशिवाय हे व्याख्यान अपुरे राहील. माझी मोठी बहीण बारावीपर्यंत शिकली. गुण माझ्यापेक्षा चांगले होते. महाविद्यालय अठरा किलोमीटरवर आणि परतीची शेवटची गाडी संध्याकाळी पाचला. ती चुकली तर मुक्काम कोठे करायचा, या एका प्रश्नावर तिचे शिक्षण थांबले. वडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. विरोध अंधाराला होता. पुढे मला नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना ती म्हणाली, "तुझ्या वेळी गाडी सहाला होती." तिने ते हसत म्हटले होते.

शासनाने १९८० च्या दशकात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले. एस.टी.च्या अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेच्या मुलींना मोफत पास मिळतो, तोही बारावीपर्यंत. २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे आणि २०२४-२५ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतील कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली आहे. या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत आणि त्या सांगणे माझे कामच आहे. तरीही गाडीची वेळ हा प्रश्न फीमाफीने सुटत नाही. माझे निरीक्षण असे, की ग्रामीण महाविद्यालयाचे वेळापत्रक प्राचार्य तयार करतात असे आपण समजतो, प्रत्यक्षात ते एस.टी.चे आगार तयार करते. शेवटचा तास कोणता रिकामा जातो ते पाहावे आणि त्याच वेळी कोणती गाडी सुटते तेही पाहावे. ज्या महाविद्यालयांनी आगारप्रमुखांशी बसून हा मेळ घातला तेथे मुलींची उपस्थिती सुधारली आहे. त्यासाठी स्वतंत्र निधी लागला नाही, एक बैठक लागली.

महाविद्यालयाचा उपयोग केवळ अठरा ते एकवीस वर्षांच्यांनाच, असेही समजू नये. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे गावोगावच्या महाविद्यालयांत आहेत. एखाद्या रविवारी तेथे जाऊन पाहा. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, पोलीस शिपाई, एस.टी.चे वाहक, दोन मुलांची आई अशी मंडळी वह्या उघडून बसलेली असतात. एका केंद्रावर सासू आणि सून एकाच वर्गात पाहिल्या. सासूबाई पुढच्या बाकावर होत्या आणि सून मागच्या. घरची रीत तेथेही पाळली जात होती. याच इमारतीत निवडणुकीची मतपेटी येते, करोनाच्या काळात विलगीकरणाच्या खाटा आल्या. २०२० च्या जानेवारीत धाराशिवला त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात साहित्याचा एवढा मोठा मेळा भरला तेव्हा त्या मांडवात सर्वांत जास्त गर्दी, मी मोजली नाही पण पाहिली, खेड्यांतून आलेल्या महाविद्यालयीन मुलांची होती.

कौतुक पुष्कळ झाले. आता जरा कडू. पदवीचे वर्ग आज अनेक ठिकाणी ओस आहेत. नाव महाविद्यालयात आणि मुलगा अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत मान घालून बसलेला, असे चित्र आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापक तुटपुंज्या मानधनावर त्या ओढून नेतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत जो अभ्यासक्रम आला आहे त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी संबंधित काम यांना श्रेयांक आहेत. ही संधी आहे, तसा धोकाही आहे. धोका असा की विद्यार्थी एका संध्याकाळी पंधरा पानांचा प्रकल्प कोठून तरी उतरवून आणील आणि शिक्का मारून तो कपाटात जाईल.

म्हणून एक सूचना करतो आणि थांबतो. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. प्राचीन तगर नगरीचे ते वैभव शेतात, पांढरीच्या मातीत विखुरलेले होते. एका व्यापारी गृहस्थाने ते आयुष्यभर गोळा केले म्हणून आज जगभरचे अभ्यासक तेथे येतात. तुमच्या महाविद्यालयाच्या परिसरात पंचवीस-तीस गावे येतात. प्रत्येक गावातून एखादा तरी विद्यार्थी येथे आहे. त्याने आपल्या गावातील दहा विहिरींची पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजावी, ऊसतोडीला गेलेल्या आणि परतलेल्या कुटुंबांची नोंद ठेवावी, बहात्तरचा दुष्काळ व त्र्याण्णवचा भूकंप पाहिलेल्या माणसांचे बोलणे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. एक वही, एक गाव, एक वर्ष. पुढच्या वर्षी ती वही त्याच गावच्या धाकट्या विद्यार्थ्याकडे जावी. दहा वर्षांनी या ग्रंथालयात जे कपाट तयार होईल ते जिल्हाधिकारी कार्यालयातही नसेल. टंचाईच्या बैठकीला जाताना मला पहिली गरज लागेल ती त्याच कपाटाची.

प्राचार्य महोदयांनी वह्यांची व्यवस्था करण्याचे कबूल केले आहे. पहिली पातळी दिवाळीपूर्वी, परतीचा पाऊस संपताच मोजावी लागेल. दोरी आणि दगड एवढेच साहित्य लागते. कार्यक्रमानंतर ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी ग्रंथपालांकडे द्यावीत. आपल्या गावाला जाणारी गाडी किती वाजता आहे, तेही नावापुढे लिहावे. त्यावरून पहिल्या बैठकीची वेळ ठरवू.